जिद्द पुरे झाली, पगाराचं बोला

आमच्या सातारा-सांगलीकडे एखादा सायकलपटू रिटायर झाला, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही. सायकल सोडलेले मात्र ढीगभर माहीत आहेत. कुणी बारावीनंतर सोडली, कुणी पोलीस भरतीच्या यादीत नाव लागल्यावर, कुणाच्या घरी हप्ते थकले आणि सायकलच विकावी लागली. त्यांच्याबद्दल बोलताना सगळे 'करायचा' म्हणतात. "आधी सायकलिंग करायचा, लई भारी पळवायचा." मग? "मग काय, सोडलं." रिटायर व्हायचं तर आधी कुणीतरी कामावर ठेवलेलं असावं लागतं. शेवटचा दिवस ठरावा लागतो आणि त्या दिवशी चार माणसं हजर असावी लागतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही. तरीही दर ऑलिम्पिकला आपण पोरांनाच विचारतो, तुमच्यात जिद्द का नाही रे?

मला या 'जिद्द' शब्दाचा राग येतो. का येतो ते सांगायला एका फ्रेंच माणसाचं करिअर मध्ये आणावं लागेल. तो जगज्जेता वगैरे नाही. सायकलिंग बघणाऱ्यांतही त्याच्याबद्दल "पण जिंकला काय तो?" असं विचारणारे भरपूर आहेत. म्हणूनच तो निवडलाय.

तिबो पिनो. जन्म १९९०चा, गाव मेलिसे. पूर्व फ्रान्समध्ये व्होज नावाच्या डोंगररांगा आहेत, त्यांच्या पायथ्याशी. लोकसंख्या दोन हजारांच्या आत, म्हणजे आपल्या जावळीतलं एखादं बरं गाव म्हणा. वडील गावाचे महापौर, आपल्या भाषेत सरपंच. थोरला भाऊ ज्युलियन क्रीडाशास्त्र शिकला आणि पुढे तिबोच्याच टीममध्ये प्रशिक्षक झाला. २०१०मध्ये, विशीत, तिबो व्यावसायिक झाला आणि २०२३मध्ये त्याच टीममधून निवृत्त झाला. चौदा हंगाम, एक मालक.

या चौदा वर्षांत काय झालं? २०१२मध्ये पहिल्यांदा टूर द फ्रान्सला उतरला, त्या वर्षीचा सगळ्यात लहान रायडर, आणि एक टप्पा जिंकला. मागच्या गाडीत टीमचा मॅनेजर मार्क मादियो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दार बडवत ओरडत होता, तो व्हिडिओ आजही फिरतो. पुढच्याच वर्षी पोरगं घाबरलं. चढाची नाही, उताराची भीती. घाटमाथ्यावरून खाली येताना ताशी ७०-८०च्या वेगात त्याचे हात ब्रेकवरून निघेनात. त्यानं हे लपवलं नाही. कुणाला सापाची भीती वाटते, मला वेगाची वाटते, अशा अर्थाचं उघड बोलला. टीमनं त्याला हाकललं नाही. वेगाची सवय व्हावी म्हणून त्याला रेसिंग कार चालवायला बसवलं. २०१४मध्ये तो टूरमध्ये तिसरा आला.

मग २०१५ला आल्प द्युएझचा डोंगर जिंकला. २०१८च्या जिरो द इटालियात शेवटून दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरवर होता, त्याच दिवशी कोसळला, रात्र हॉस्पिटलात, शर्यत संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इल लोम्बार्दिया ही जुनी, मानाची इटालियन शर्यत जिंकून बसला. आणि २०१९. त्या टूरमध्ये तूरमालेचा घाट त्यानं जिंकला. शेवटचे तीन डोंगरी दिवस उरले असताना पहिल्या नंबरपेक्षा दोन मिनिटांहून कमी मागे होता. १९८५मध्ये बर्नार ईनो जिंकला, त्यानंतर एकही फ्रेंच माणूस टूर जिंकलेला नाही. आख्खा देश टीव्हीला चिकटलेला. २६ जुलैला, एकोणिसाव्या टप्प्यात, पिनोच्या मांडीचा स्नायू जाम झाला. दोन दिवस आधी गुडघ्याच्या वर हँडलचा मार बसला होता. तो मागे पडला, रडायला लागला, थोडं अंतर रडत रडत पेडल मारलं आणि सायकलवरून उतरून टीमच्या गाडीत बसला.

त्या रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून सायकल चालवणारा एक जण फुटेजमध्ये दिसतो. त्याचं नाव विल्यम बोने. तुम्ही ऐकलं नसेल, हरकत नाही. बोनेनं आयुष्यात मोजक्याच शर्यती जिंकल्या. त्याचं काम जिंकायचं नव्हतंच. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागून गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, मालकाची सायकल पंक्चर झाली तर आपलं चाक काढून द्यायचं. फ्रेंचमध्ये अशा रायडरला 'दोमेस्तिक' म्हणतात, शब्दशः घरगडी. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सालगडी. पाडव्याला ठरवलेला, वर्षाच्या पगारावर. टूरच्या एका टीममध्ये आठ रायडर असतात. त्यातले सहा-सात हे असले सालगडी. त्यांना करारानं ठरलेला पगार मिळतो, विमा असतो, जिंकलेल्या बक्षिसात वाटा असतो. बोने २०२१ला निवृत्त झाला. जवळपास काहीही न जिंकणारा माणूस 'निवृत्त' झाला, हे वाक्य परत वाचा.

माझं भांडण इथं आहे. चॅम्पियन जिद्दीतून निघतात, असं आपण धरून चाललोय. मला दिसतं ते असं की चॅम्पियन न जिंकणाऱ्यांच्या पगारातून निघतात. शंभर जणांना खाऊन-पिऊन, पंक्चर काढून, दुखण्याला डॉक्टर देऊन दहा वर्षं रस्त्यावर ठेवलंत, तर त्यातून एक पिनो निघतो, आणि तोही टूर जिंकत नाही! आपण शंभरपैकी एकालाही ठेवत नाही आणि थेट सुवर्णपदकाची वाट बघतो.

आता "फ्रान्स श्रीमंत आहे हो" हे येणारच. त्याचं उत्तर टीमच्या नावात आहे. पिनोच्या टीमचं नाव होतं ग्रुपामा-एफडीजे. एफडीजे म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय लॉटरी. १९९७मध्ये या लॉटरीच्या पैशावर मादियोनं टीम उभी केली. तोही रिटायर्ड सायकलपटूच, पारी-रुबे ही दगडी रस्त्यांची भयंकर शर्यत दोनदा जिंकलेला. तेव्हा ती लॉटरी मुख्यतः सरकारच्या मालकीची होती. ग्रुपामा २०१८मध्ये जोडीला आली. ही विमा कंपनी शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या परस्पर-विमा मंडळ्यांतून वाढलेली आहे. म्हणजे एक सरकारी लॉटरी आणि एक शेतकऱ्यांची सहकारी संस्था.

आपल्याकडे काय कमी आहे? महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून चालू आहे. सहकाराबद्दल तर सातारा-सांगलीला कुणी शिकवायला नको. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, जिल्हा बँका, पतसंस्था. अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मोजलेत कधी? कोल्हापूरकडचे काही कारखाने सभासदांच्या पोरांना कुस्तीसाठी मानधन देतात, म्हणजे कल्पनाही परकी नाही. एक कारखाना, आठ पोरं, आठ पगार. एवढंच.

आणि सायकल तर या मातीत परकी नाहीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचं. विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. त्या सायकलच्या दुकानातून पुढे नांगर आले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी आली, आज आपल्या सांगली जिल्ह्यातली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. टूरमध्ये डोंगरांच्या राजाला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा शर्ट देतात, गंमत तीच. फरक इतकाच, की तिकडे त्या शर्टावर कंपनीचं नाव असतं आणि त्या कंपनीचा चेक वटतो.

सायकलपटूसाठी भूगोल म्हणाल तर आपला जिल्हा खजिना आहे. वाईतून पसरणी घाट चढून पाचगणी. साताऱ्यातून यवतेश्वर चढून कास. सज्जनगडावरून ठोसेघर, तिथून चाळकेवाडीच्या पठारावर, जिथं पवनचक्क्या फिरतात आणि वारा माणसाला आडवा करतो. तासगाव-विट्याकडचे लांब, सरळ, उघडे रस्ते. २०१९च्या टूरमध्ये पिनोनं एका दिवशी १ मिनिट ४० सेकंद गमावले होते ते कुठल्या डोंगरावर नाही, सपाट रस्त्यावर आडव्या वाऱ्यात घोळका फुटला तेव्हा. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला कसं राहायचं, वारा डावीकडून आला तर तिरकी रांग कशी धरायची, हे एकट्यानं पहाटे उठून येत नाही. दर रविवारी पन्नास जणांत शर्यत करून येतं. जिद्द कितीही असली तरी आडव्या वाऱ्यात एकटा माणूस मागेच पडतो.

माझ्या मित्राचं सांगतो. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. आम्ही सांगलीत एकाच गल्लीत वाढलो. पहाटे साडेचारला आयर्विन पुलावर भेटायचो. मी हौशी, तो खरा. विद्यापीठाकडून खेळला, राज्यात नंबर आला, राष्ट्रीयला गेला. राष्ट्रीयला रेल्वेच्या जनरल डब्यातून गेला, सायकल सुटी करून पोत्यात बांधलेली. तिथं ज्यांच्याशी गाठ पडली त्यातले बरेच सेनादल आणि रेल्वेचे, म्हणजे पगारी. तो आला बाराव्या-तेराव्या नंबरला. मला विचाराल तर त्या पोत्यातल्या सायकलवर बारावा म्हणजे कमालच होती. घरी आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर्टिफिकेट मिळालं का?"

सर्टिफिकेट. आमच्याकडच्या खेळाचा शेवट या कागदावर होतो. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. चांगलं आहे, रद्द करा म्हणणारा मी नाही. माझ्या मित्राच्या घराला त्याच कागदानं तारलं. पण त्याचा परिणाम बघा. कागद पडताळून झाला, नेमणूक झाली, त्या दिवशी तो तेवीस वर्षांचा होता. सायकलपटू तेविसाव्या वर्षी उमलायला लागतो. पिनो पहिलं ग्रँड टूर पोडियम चढला तेव्हा चोवीसचा होता. आमच्याकडे ज्या वयात करिअर सुरू व्हायचं त्या वयात ते संपतं, आणि संपल्याबद्दल पेढे वाटले जातात. मित्राची सायकल आता माळ्यावर आहे. ड्युटी बारा-बारा तासांची असते. पोट सुटलंय, चेष्टा केली की हसतो. कागदाला एवढी किंमत आल्यावर बनावट कागद निघणारच. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यानं पाहिलीच आहेत. ज्यांना खेळायचंच नाही असे लोक खेळाच्या दारातून नोकरीत गेले, आणि ज्यांना खेळायचं होतं त्यांना नोकरीसाठी खेळ सोडावा लागला.

तिकडे पिनोच्या बाबतीत काय झालं? त्याच्या भावानं वर्षानुवर्षं त्याच्या प्रत्येक सरावाचे आकडे, किती वॅट ताकद किती मिनिटं टिकली, हे लिहून ठेवलं आणि एका सायकलपटूच्या सहा वर्षांच्या वाढीवर शास्त्रीय निबंध छापला. सहा वर्षं! आमच्याकडे मित्राचे सगळे आकडे एका दोनशे पानी वहीत होते. ती वही पुरात गेली, २०१९च्या. त्याच्या थोडंच आधी पिनो रडत गाडीत बसला होता.

'जिद्दीच्या' गोष्टींत आपण काय काय लपवतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण साताऱ्याचंच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते जावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं, गावानं वर्गणी काढली. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक. ही गोष्ट आपण शाळेत टाळ्या वाजवत ऐकतो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, ही त्या वेळच्या सरकारची, संघटनांची आणि धनिकांची लाजिरवाणी गोष्ट आहे. आपण तिला प्रेरणादायी करून टाकलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही. पुढे खाशाबा पोलिसात गेले, तिथून निवृत्त झाले आणि १९८४मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २०००चा. आता त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन असतो. भाषणं होतात. भाषणात जिद्द असते.

गेल्या काही वर्षांत या गोष्टींचा एक ठरलेला साचाच झालाय. टपरीवाल्याचा पोरगा, ऊसतोड मजुराची पोरगी, फाटके बूट, अनवाणी सराव. रील बनतं, पाठीमागे तुतारी. मला त्या मुलामुलींबद्दल अपार आदर आहे, म्हणूनच विचारतो: फाटका बूट दिसल्यावर आपल्याला आनंद का होतो? त्या रीलखाली 'सलाम' लिहिणाऱ्या दहा हजार जणांतला एक जणही तिच्या पुढच्या स्पर्धेचं तिकीट काढत नाही.

"अहो, पण आमच्याकडे सायकलिंग बघणार कोण?" हाही ठरलेला प्रश्न. जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाची, प्रोलॉग आणि चार टप्पे. रस्त्याच्या कडेला माणसं होती, शाळांची पोरं झेंडे घेऊन होती. जिंकला न्यूझीलंडचा रायडर. छान झालं. पण पाच दिवसांच्या शर्यतीनं पोरगा तयार होत नाही, उरलेल्या ३६० दिवसांनी होतो. मोठ्या शर्यतीच्या आधी लहान शर्यतींची उतरंड लागते. फ्रान्समध्ये ती गावोगावच्या जत्रांनी धरलेली आहे: गावचा उत्सव, गावाभोवती फेऱ्या मारायची शर्यत, बक्षिसाला थोडे पैसे, दुकानदारांची वर्गणी. पिनो तसल्याच उतरंडीतून वर आला.

आता हे वाचताना तुम्हाला काही आठवतंय का? मला पुसेगावची यात्रा आठवते. कुंडलचं मैदान आठवतं. आपल्या जत्रेत कुस्त्या कशा लागतात? सकाळी बारकी पोरं, नारळ आणि शंभर-दोनशे रुपयांवर. दुपारी हजार-पाच हजारांच्या. संध्याकाळी एक नंबरची लाखाची. हरलेल्यालाही काहीतरी हातावर ठेवतात. पोरगा वर्षभर गावोगावची मैदानं मारतो, त्यातून खुराक निघतो, वस्ताद सांभाळतो. ही अर्थव्यवस्था आपण शंभर वर्षं चालवतोय, कुठलाही सरकारी आदेश न काढता. म्हणून तर आपल्याकडे मल्ल आहेत. मातीत काही वेगळं जीवनसत्त्व नाही. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठल्यावर तर आपण बक्षिसात थार गाडी ठेवायला लागलो. म्हणजे पैसा आहे, गर्दी आहे, यात्रा कमिटी आहे, लाऊडस्पीकरवर तासन् तास बोलणारे निवेदक आहेत. त्यांना फक्त घाटावर उभं करायचंय.

तो शेवटचा दिवस राहिला सांगायचा. २२ जुलै २०२३, पिनोच्या शेवटच्या टूरचा शेवटचा डोंगरी टप्पा, त्याच्याच गावाच्या डोंगरांतून. पती बालाँ नावाच्या घाटात एका वळणावर हजारो लोक सकाळपासून जमले होते, त्या वळणाला त्याचंच नाव दिलं होतं. तो एकटाच पुढे निघून त्या वळणावर पोहोचला. धूर, झेंडे, किंचाळ्या, रस्ता दिसेना. जिंकला का? नाही. पुढे त्याला गाठलं, दुसऱ्यांनीच टप्पा मारला. त्याच्या हातावर इटालियनमध्ये गोंदलेलं आहे की सुंदर असते ती फक्त जीत, आणि लोक आले होते ते बहुतेक वेळा हरणाऱ्या माणसासाठी. ऑक्टोबरमध्ये इटलीत लोम्बार्दियाला तो शेवटचा उतरला, तेव्हाही हे लोक बसगाड्या भरून तिकडे गेले. मग पिनो मेलिसेला परतला, शेळ्या आणि गाढवं पाळायला. आमचे मास्तर गणित चुकलं की म्हणायचे, "जा, शेळ्या राखायला जा." तेहतिसाव्या वर्षी, पोटापाण्याची चिंता न करता, आपणहून शेळ्या राखायला जाता यावं, एवढं ते करिअर भक्कम होतं.

माझं मागणं याहून फार लहान आहे. येत्या हंगामात वाईच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या यात्रा कमिटीनं एक शर्यत लावावी. यवतेश्वर पायथा ते कास, सकाळी सहा ते आठ रस्ता बंद. हिल मॅरेथॉनला तो बंद होतोच, विसर्जनाला तर आख्खं शहर बंद होतं. चौदा वर्षांखालच्यांना साधी सायकल चालेल. मुलींना मुलांएवढंच बक्षीस. पहिल्या नंबरला पंचवीस हजार पुरेत, थार नको; त्याऐवजी पहिल्या तीसही जणांना पैसे, तिसाव्याला निदान एसटीचं भाडं आणि एक टायर-ट्यूब. निकाल छापून जाहीर करा, वेळेसकट, म्हणजे वही पुरात गेली तरी आकडे राहतील. पुढच्या रविवारी तासगावनं लावावी, त्याच्या पुढच्या रविवारी विट्यानं. दहा शर्यती झाल्या की एखाद्या कारखान्याच्या संचालक मंडळापुढे ते निकाल ठेवून आठ पोरांचे पगार मागता येतील. अर्ज लिहायला मी बसतो. आणि पहिल्या शर्यतीत गाडीच्या खिडकीतून अर्धं बाहेर येऊन दार बडवायला माझा तो पोलिसातला मित्र रजा काढून येईल, मी त्याला विचारून ठेवलंय.